शेवटच्या पानावरचा पत्ता

९ जानेवारी

दादा,

नमस्कार. ‘इकडे सगळं ठीक आहे’ अशी सुरुवात करायची असते, पण सगळं ठीक असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं हे तुलाही कळतं. तेव्हा ते वाक्य गाळते. वहिनीला नमस्कार सांग.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता. माझा नंबर दिसला की तुझा फोन मुका होतो. पत्र निदान पोस्टमन हातात देतो, आणि हातात आलेला कागद न वाचता टाकणाऱ्यातला तू नाहीस. घरोघर विजेच्या मीटरचे आकडे उतरवण्यात तुझी नोकरी गेली. अजूनही तू औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असशील.

काल मी विमानतळावरून परत आले. बाहेर पडताना दोन बॅगा घेऊन निघाले होते, त्याच दोन बॅगा घेऊन जिना चढले. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने विचारलं, ‘इतक्यात आलीस?’ मी हो म्हटलं. काय सांगणार.

पिटुकलीकडे निघाले होते. हो, तीच, जिला तू खांद्यावर बसवून लोकांच्या जिन्याखालचे मीटर दाखवायचास. ती आता तिसऱ्याच देशात असते आणि तिला दिवस गेले आहेत. सहावा लागेल आता. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं आहे. जावई जहाजावर आहे, मे महिन्याच्या आत काही त्याला उतरता येत नाही. शेजारीण सकाळी डोकावून जाते, तेवढाच काय तो आधार. तर मी जाऊन राहायचं ठरलं होतं. कामावरून बिनपगारी रजा घेतली, बाळाची दुपटी शिवली, तिच्या देशाचा व्हिसा काढला. आणि तिथल्या काउंटरवरची मुलगी मला गोड आवाजात म्हणाली, ‘तुमचं कार्ड चालू आहे मॅडम. पासपोर्ट चालत नाही.’

मी म्हटलं, संपायला चार महिने आहेत की. ती म्हणाली, सहा लागतात.

दादा, मी किती वेडी ते ऐक. मला इथे कायमचं राहायचं कार्ड मिळालेलं आहे. छान कडक कार्ड, फोटोत मी चोरासारखी दिसते. त्यावरची तारीख अजून पुष्कळ लांब आहे. मी दर वेळी तीच तारीख बघायचे आणि निर्धास्त व्हायचे. कार्ड आहे ना, मग पासपोर्ट म्हणजे काय, त्याचं नुसतं पाकीट. इथे आमच्यासारखे सगळे असंच समजतात. कार्डावर इथे परत येता येतं, पण इथून दुसरीकडे जायला पासपोर्टच लागतो, आणि तो आपल्या देशाने दिलेला असतो. ही साधी गोष्ट मला काउंटरवर, मागे रांग उभी असताना कळली.

आता कामाचं. आज सकाळीच वकिलातीत जाऊन नव्या पासपोर्टचा अर्ज केला. जुना त्यांनी ठेवून घेतला. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर घरचा पत्ता असतो. माझ्या पासपोर्टवर आपल्या घराचा आहे, पहिल्यापासून. त्या पत्त्यावर एक पोलीस चौकशीला येईल. ही बाई तुमच्या ओळखीची का, पत्ता हाच का, एवढंच विचारेल. हो म्हण. उपकार मागत नाही, जे आहे ते सांगायचं आहे.

पिटुकलीला मी विमान रद्द झालं असं सांगितलं आहे. तू तिला काही कळवायला जाणार नाहीस म्हणा.

धाकटी


३० जानेवारी

दादा,

शाबास.

परवा वकिलातीत खिडकीमागच्या माणसाने माझ्यासमोर एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, घरातल्या संबंधित व्यक्तीने तसं स्पष्ट सांगितलं. ही संबंधित व्यक्ती म्हणजे तू. मी म्हटलं, अहो, तो माझा सख्खा भाऊ आहे. तो माणूस म्हणाला, ‘मग भावाशी बोलून घ्या बाई.’ एवढं सोपं असतं तर तुमच्या खिडकीशी कशाला आले असते, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे. तुला माझा राग आहे, असू दे. मी मेले तरी येऊ नकोस. पण त्या पोरीने तुझं काय घोडं मारलं आहे? ती तिकडे छताकडे बघत पडून आहे. पाणी प्यायला उठायचं की नाही याचा विचार करते. आणि तू दारात उभा राहून एक शब्द, नुसता एक शब्द बोलू शकला नाहीस.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. ‘मी खोटं बोललो नाही. तू राहत नाहीस ते नाहीसच.’ तुझी ती जुनी खोड. लोकांची घरं बंद असली की बाकीचे लोक अंदाजाने आकडा टाकून मोकळे व्हायचे. तू दुसऱ्यांदा जायचास, तिसऱ्यांदा जायचास, दार उघडेपर्यंत जायचास. बाबा कौतुकाने सांगायचे सगळ्यांना. मला त्या कौतुकाचा आज वीट आला आहे.

काल कामावर मी एक कवळी वाया घालवली. आमच्याकडे दातांचे डॉक्टर प्लास्टरचे साचे पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या बनवतो. माणूस कधी दिसत नाही, त्याचा जबडा तेवढा दिसतो. कोण दात खातो, कोण एकाच बाजूने चावतो, सगळं साच्यात दिसतं. काल पॉलिशच्या चाकावर धरलेली कवळी तुझा विचार करता करता इतकी घासली गेली की पुढचे दोन दात पार चपटे झाले. शेजारी दातांचे रंग जुळवणारी बसते, आम्ही तिला रंगवाली म्हणतो. ती म्हणाली, ‘कोणाचे दात पाडतेयस?’ मी म्हटलं, भावाचे.

आता माझ्याजवळ जुना पासपोर्ट नाही आणि नवा नाही. मी या देशातून हलू शकत नाही. तुला हेच हवं होतं का?

पत्र आलं की वाचून ठेव. उत्तराची गरज नाही.


१४ फेब्रुवारी

दादा,

मागचं पत्र फाडून टाक. किंवा ठेव, वहिनीला दाखवायला.

काल वहिनीचा फोन आला. तू औषधं आणायला गेला होतास तेवढ्यात केला, तेव्हा तिला काही बोलू नकोस. तिने सांगितलं की पोलीस आधी आला आणि माझं पत्र त्यानंतर आलं. पोलिसाने माझं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, ‘या बाई या घरात राहतात का?’ आणि तुझ्या डोक्यात काय आलं, तर मी घरातला वाटा मागायला पोलीस धाडला. मी तिथे राहते असं तुझ्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि उद्या कोर्टात उभं राहायचं, असा माझा डाव. म्हणून तू म्हणालास, ‘नाही. कधीच राहत नाहीत. लिहून घ्या.’ आणि त्याला पाणीसुद्धा न विचारता दार लावलंस.

मी आधी हसले. इतकी हसले की रंगवालीने पाणी आणून दिलं. मग हसू थांबलं आणि मला फार वाईट वाटलं, दादा. आपण दोघं इथवर आलो आहोत. माझ्या नावाने कोणी दारात आलं की तुला आधी कोर्ट दिसतं.

आज तुझं पाकीट मिळालं. माझं पत्र वाचून तू काहीतरी पाठवलंस याचाच मला उघडेपर्यंत आनंद झाला होता. आत तोच कागद, मी देश सोडताना पुढे केला होतास तो. घरावरचा माझा सगळा हक्क मी राजीखुशीने सोडते आहे, वगैरे. जुना टाइप केलेला होता, हा कॉम्प्युटरवरचा आहे, एवढाच फरक. आणि वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी: ‘सही करून पाठव. मग पोलिसाला काय सांगायचं ते बघतो.’

म्हणजे सौदा.

मी तासभर त्या कागदाकडे बघत बसले. मग पिटुकलीचा फोन आला. रोज येतो तसाच. ‘आई, विमानं सुरू झाली का गं?’ मी म्हटलं, होतील. तिने विचारलं, ‘महिना झाला, अजून कशी नाही झाली?’ मी म्हटलं, हवा वाईट आहे. तिला कळलं असणार, ती काही दुधखुळी नाही.

फोन ठेवला आणि ठरवलं, करते सही. जाऊ दे ते घर. पेन घेऊन उठले, कोट चढवला आणि थेट वकिलात गाठली, कारण असल्या कागदावर त्यांच्यासमोर सही करावी लागते, त्यांचा शिक्का लागतो. आता पुढचं नीट वाच. खिडकीतला तोच माणूस. कागद वाचला, मान डोलावली, म्हणाला, ‘ओळख पटवायला पासपोर्ट द्या.’ मी म्हटलं, तुमच्याकडेच आहे. तो म्हणाला, ‘तो रद्द झाला. चालू पासपोर्ट लागेल.’

तर आता असं आहे. तू हो म्हटल्याशिवाय मला पासपोर्ट मिळत नाही. पासपोर्ट मिळाल्याशिवाय मला सही करता येत नाही. आणि सही केल्याशिवाय तू हो म्हणत नाहीस. आपण दोघांनी मिळून कधी एवढं पक्कं काम केलं नव्हतं. माझा सौदा करायचा विचार आहे, दादा, पण इथेच घोडं पेंड खातं. तूच सांग आता काय करू.

धाकटी


५ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. मी रोज कामावरून येताना खालची टपालपेटी उघडते. वीज कंपनीचं बिल येतं, ते बघून तुझी आठवण येते.

मी आज तुला एक गोष्ट सांगणार आहे. ती ऐकून तुझं मत बदललं नाही तरी चालेल, पण ऐक.

सही का केली नाही, हे तू मला पुन्हा कधी विचारलं नाहीस. तू ठरवून टाकलंस, पैशासाठी. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. पिटुकलीचे बाबा त्याच्याही आधी गेले होते. मला इकडे काम मिळालं आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग भरत होते, वहिनी कपड्यांच्या घड्या करून देत होती, पिटुकली बॅगेत बसून होडी होडी खेळत होती. तू कागद घेऊन आलास. मी पेनाचं टोपण काढलंही होतं. तू मला लुबाडतोयस असं माझ्या मनात एक क्षणसुद्धा आलं नव्हतं, देवाशपथ. आणि तू सहज म्हणालास, ‘करून टाक, परत कधी येशील कोणास ठाऊक.’

मी टोपण लावलं. तू विचारलंस, का? मी म्हटलं, नंतर करते. मग तुझा आवाज चढला, माझाही चढला, आणि शेवटी तू म्हणालास की मग या घरात तुझं काही राहिलं नाही असं समज. पिटुकली रडायला लागली होती. एवढं तुला आठवत असेल.

मी विधवा बाई, पाच वर्षांची पोर घेऊन, एकही माणूस ओळखीचं नाही अशा ठिकाणी निघाले होते. मला पैसे नको होते, दादा. मला एवढंच हवं होतं की सगळं फसलं तर परत यायला जगात एक दार आहे. ते कोणी माझ्या हाताने बंद करून घेऊ नये. तू ‘परत कधी येशील’ म्हणालास तेव्हा मला वाटलं, दार लावायची घाई झाली आहे यांना.

इथे सगळे मला विचारतात की इतकी वर्षं राहिलीस तर इथलं नागरिकत्व का घेत नाहीस. पिटुकलीने केव्हाच घेतलं. तिच्या पासपोर्टला कुठे कोणी अडवत नाही. मी दर वेळी काहीतरी थाप मारते, फार कटकटीचं असतं म्हणून. खरं सांगू? ते घेतलं तर आपला पासपोर्ट परत करावा लागतो. आणि त्याच्या शेवटच्या पानावर आपला पत्ता आहे. दारावरचा नंबर, गल्ली, सगळं. नवा पासपोर्ट निघाला की मी आधी शेवटचं पान उघडून बघते, छापलाय ना बरोबर. मी इथे तीन घरं बदलली. तिन्ही भाड्याची. हे पान तेवढं बदललं नाही.

त्या पानापायी मी आज अडकले आहे, हे मला समजतं. हसायचं तर हस.

पिटुकलीला परवा खरं सांगितलं. सगळं नाही. पासपोर्ट संपलाय, नवा येतोय, उशीर होतोय एवढंच. मामाचं काही बोलले नाही. ती म्हणाली, ‘आई, तू लोकांच्या तोंडातला केसभर फरक पकडतेस. तुला तारीख दिसली नाही?’

मी फेरचौकशीचा अर्ज दिला आहे. पोलीस पुन्हा येईल. या वेळी त्याला काय सांगायचं ते मी तुला लिहीत नाही. तुला खोटं बोलता येत नाही आणि मी ते शिकवायला येऊ शकत नाही. फक्त विनवणी करते. रागाने नाही, खरंच हात जोडून. मला माझ्या पोरीकडे जाऊ दे.

तुझी धाकटी


२२ मार्च

दादा,

पिटुकलीला मुलगा झाला. वेळेच्या आधी. शेजारणीने गाडी बोलावली. दवाखान्यात तिच्याबरोबर कोणी नव्हतं. कागदांवर सह्या तिनेच केल्या, कळा येत असताना.

बाळ फार लहान आहे. काचेच्या पेटीत ठेवलं आहे. जगेल म्हणतात. ती त्याला हात लावायला भिते.

मी फोनवर रडले. ती नाही रडली. ती म्हणाली, ‘आता घाई करू नकोस आई. व्हायचं ते होऊन गेलं.’

तू आजोबा झालास. वहिनीला सांग.


१९ एप्रिल

दादा,

वरची तारीख बरोबर आहे, पण पाकिटावरचं तिकीट बघ, वेगळं आहे. मी पिटुकलीच्या घरातून लिहिते आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले आहे, एका बाजूला बाटल्या उकळून ठेवल्या आहेत, दुसऱ्या बाजूला दुपटी वाळत टाकली आहेत. शिवली होती तीच. बाळाला फार मोठी झाली, चार घड्या घालून गुंडाळावं लागतं.

वहिनीने मला सगळं सांगितलं. तिला ओरडू नकोस. फोन या वेळी तिने तुझ्यासमोर केला होता म्हणे आणि तू मुद्दाम अंगणात जाऊन झाडांना पाणी घालत बसलास. सकाळीच पाणी घातलेल्या झाडांना.

पोलीस तोच आला. तू त्याला आत घेतलंस, बसवलंस, चहा दिलास. त्याने वही काढली आणि विचारलं, ‘मग, राहतात का या बाई इथे?’ वहिनीला वाटलं, या वेळी तू हो म्हणशील. तिने आत देवाला हातसुद्धा जोडले होते. आणि तू म्हणालास, ‘नाही. एकोणीस वर्षांत आली नाही.’

पोलीस वही मिटायला लागला. तेव्हा तू म्हणालास, ‘पण घर तिचं आहे. निम्मं माझं, निम्मं तिचं. वडिलांचं आहे, ती माझी बहीण, ओळख मी देतो, तिला दुसरा पत्ता नाही. मागच्या वेळी मी अर्धंच सांगितलं.’

पोलीस म्हणाला, तसं लिहून द्याल का? तू म्हणालास, देतो की. तो बिचारा भला माणूस निघाला. त्याने पेन पुढे करायच्या आधी तुला बाजूला घेऊन समजावलं, ‘काका, वाटणीचं काही भांडण असेल तर असं लिहून देऊ नका. उद्या हाच कागद तुमच्यावर उलटेल. नुसतं ओळखतो म्हणा, माझं काम भागतं.’ आणि तू त्याला म्हणालास, ‘भागत असेल तुमचं. मला आकडा पुरा लिहायची सवय आहे.’ मग चष्मा लावून, मोठ्या अक्षरात लिहिलंस, खाली सही केलीस, वहिनीची घेतलीस, आणि समोरच्या दुकानदारालाही बोलावून त्याची साक्ष घातलीस.

मी हे ऐकून फोन तसाच कानाला धरून बसले. वहिनी हॅलो हॅलो करत होती. मला तुझा इतका राग होता, दादा, की तो एकदम काढून घेतल्यावर मला बसायला आधार राहिला नाही. तू एक सोपं खोटं बोलून सुटू शकला असतास. ज्या कागदासाठी तू एकोणीस वर्षं माझ्याशी बोलला नाहीस, त्याच्या बरोबर उलटा कागद तू स्वतःच्या हाताने लिहून पोलिसाला दिलास.

पासपोर्ट आला. शेवटचं पान बघितलं. बरोबर छापलं आहे.

व्हिसा पुन्हा काढून विमानतळावर गेले, या वेळी काउंटरवर दुसरी मुलगी होती. तिने पान उलटलं, बोर्डिंग पास दिला, हसली. माझ्याकडून काही तिला हसू परत देणं झालं नाही.

पिटुकलीने दार उघडलं. ती इतकी वाळली आहे की मी क्षणभर ओळखलंच नाही. गळ्यात पडली नाही, रडली नाही, ‘आलीस?’ म्हणाली आणि बाजूला झाली. बाळ नुकतंच घरी आणलं होतं. दोन दिवस ती मला पाहुण्यासारखं वागवत होती. टॉवेल इथे आहे, चहा त्या डब्यात आहे. बाळाला मी हात पुढे केला की म्हणायची, राहू दे, मी घेते. मी गप्प बसले. मला गप्प बसता येतं हे तुला पटणार नाही, पण बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यापाशी आली, बाळ माझ्या हातात ठेवलं, बाजूच्या कोचावर आडवी झाली आणि घोरायला लागली. संध्याकाळ होईपर्यंत हलली नाही. माझा हात पार बधिर झाला. मी तो बदलला नाही.

सगळं मिटलं असं समजू नकोस. ती दवाखान्यात एकटी होती हे तसंच राहणार. मधेच कधीतरी बोलता बोलता थांबते आणि माझ्याकडे बघते, तेव्हा मला कळतं ती कुठे गेली आहे.

परवा तिने विचारलंच. ‘आई, नक्की काय झालं होतं? नुसत्या पासपोर्टला इतका वेळ लागतो?’ मला माहीत होतं कधीतरी विचारणार. तिच्या मनात अजून तो खांद्यावर बसवणारा मामा आहे, दादा. बाळाला झोपवताना ती परवा त्याला सांगत होती की जिन्याखाली एक चक्र असतं आणि ते आपोआप फिरतं. मी म्हटलं, ‘चौकशीच्या पोलिसाने मामाचं घर सोडून भलत्याच गल्लीत जाऊन चौकशी केली. त्यात वेळ गेला. आणि मूळ चूक माझीच, मीच तारीख बघितली नाही.’ ती म्हणाली, ‘मामाकडे गेलाच नाही का तो पोलीस?’ मी म्हटलं, ‘दुसऱ्या खेपेला गेला. मामाने लगेच काम केलं.’

तिने मान डोलावली आणि म्हणाली, ‘तू ना आई, कमालीची वेंधळी आहेस.’ ते ती आता जन्मभर म्हणणार. म्हणू दे. तू माझ्यासाठी खरं लिहून दिलंस, मी तुझ्यासाठी खोटं बोलले. फिटंफाट झाली. तू मात्र तिच्यासमोर तोंड उघडू नकोस, तुझं सगळं खरं बोलण्याचं वेड तिथे चालणार नाही. ती फोन करेल तुला. उचल.

आता तुझ्या कागदाचं. तो मी बरोबर आणला आहे. पासपोर्ट चालू आहे, इथेही आपली वकिलात आहे, उद्या जाऊन सही करू शकते. विचार केला आणि ठरवलं, करणार नाही. रागावू नकोस, आधी कारण ऐक. निम्मं घर माझं आहे, असं तू सरकारला लिहून दिलं आहेस. मी सही केली की तुझं ते लिहिलेलं खोटं ठरेल. आणखी एकोणीस वर्षं भांडू, पण तुला या वयात खोट्यात पाडायचं पाप मी घेणार नाही. घर वापर, माडी दुरुस्त कर, मागची खोली भाड्याने द्यायची असेल तर दे. मला त्यातलं काही नको. नुसतं ते माझंही आहे एवढं म्हण.

आणि वहिनी म्हणत होती, तू नवी कवळी बसवलीस पण ती टोचते म्हणून कपाटात ठेवली आहेस आणि भात कालवून खातोस. तुझ्या डॉक्टरला सांगून प्लास्टरचा साचा घे आणि मला पाठव. नीट गुंडाळून पाठव, फुटतो. मी परत गेले की सगळ्यात आधी तुझीच कवळी करणार आहे. दात पाडायचे म्हटले होते, आता बसवून देते.

बाळ चुळबुळ करायला लागलं. पिटुकली झोपली आहे, तिला उठवायचं नाही. थांबते.

तुझी
धाकटी

ता. क. पाकिटाच्या मागे लिहिला आहे तो इथला पत्ता, तात्पुरता. कायमचा तुला माहीत आहे.